पिस्तुलातली अक्षता

ट्रिगर मागे जाईना.

चारुताने पुन्हा दाबून पाहिला. अर्ध्या वाटेपर्यंत तो नीट आला आणि तिथेच अडून बसला, दिवाळसणाला रुसलेल्या जावयासारखा. नवंकोरं पिस्तूल. त्यासाठी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, पोलिसांच्या चौकशा झाल्या, क्लबच्या जुन्या पिस्तुलावर महिनोन्‌महिने सराव केला, तेव्हा कुठे परवाना हातात पडला. आणि आज स्वतःचं पिस्तूल पहिल्यांदा रेंजवर आणलं, तर हे असं...

समोर कागदी टार्गेट्स वाऱ्याने फडफडत होती. मेलबर्नच्या टोकाला, टार्निटच्या नव्या घरांच्या रांगा संपल्या की जे उघडं माळरान लागतं, तिथला वारा ऑक्टोबरात नुसता पिसाळलेला असतो. पत्र्याची लांब शेड, पुढे मातीचा उंच बंधारा, आणि कुंपणावर बसलेला एक काळापांढरा मॅगपाय पक्षी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घ्यायला टपलेला.

शिकवलं होतं तसं तिने केलं. बोट ट्रिगरवरून काढलं, नळी बंधाऱ्याकडेच ठेवली आणि डावा हात वर केला.

"ऑल गुड?" मागून कोणीतरी विचारलं.

निळी टोपी, उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात आवाज अडवणारे कानाचे मफ. शर्टावर इंग्रजीत ‘कोच’ असं लिहिलेलं. वय तिच्याएवढंच, फार तर थोडं पुढे. त्याने पिस्तूल हातात घेतलं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, गोळी आत नाही ना ते दोनदा पाहिलं आणि खिशातला बारीक टॉर्च ट्रिगरमागच्या फटीत धरला. मग कुठूनसा एक चिमटा आला. बाबांच्या हातात असायचा तसाच, टोकाला सुईसारखा.

चिमट्याच्या टोकावर तांदळाचा एक दाणा बाहेर आला. लालचुटुक.

त्याने दाण्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "खंडेनवमी?"

चारुताचे कान तापले. "तू... मराठी?"

"ते नंतर. आधी सांग, ही अक्षता आत गेली कशी?"

आता हे काय सांगायचं? कऱ्हाडला तिच्या बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दर खंडेनवमीला चिमटे, भिंगं, काडीएवढे स्क्रूड्रायव्हर पाटावर ओळीने मांडले जायचे, त्यांना हळदकुंकू लागायचं, आणि त्या दिवशी गावातलं कुठलंही बंद घड्याळ बंदच राहायचं. बाबा गेले, दुकान गेलं, पण आईने पूजा सोडली नाही. परवा आई व्हिडिओ कॉलवर होती. चारुताने लॅपटॉप, मिक्सर, गाडीची चावी असं सगळं मांडलं होतं. आईने चष्मा सारखा करून पाहिलं आणि म्हणाली, "आणि ते तुझं पिस्तूल? घरात खरोखरीचं शस्त्र आहे आणि तू मिक्सर पूजतेस?"

मग तिजोरी उघडली. रिकामं पिस्तूल पाटावर आलं. हळदकुंकू, कुंडीतला झेंडू...

"आणि अक्षता," चारुता म्हणाली. "मी चिमूटभर टाकत होते. आई म्हणाली, कंजूषपणा काय करतेस, मूठभर टाक."

"मूठभर."

"आईचा हुकूम होता."

"मग अजून निघतील," असं म्हणून तो पुन्हा चिमटा घेऊन बसला. निघाल्याही. आणखी दोन, आणि झेंडूची एक पाकळी. त्याच्या ओठांचे कोपरे सारखे हलत होते, पण तो हसला नाही. एवढं मात्र तिने पाहिलं, की नंतरच्या दोन अक्षता त्याने फुंकरीने उडवल्या, पण पहिली तेवढी टेबलावरच्या, झाडलेल्या गोळीच्या रिकाम्या पितळी पुंगळीत टाकली, कानातल्या बोळ्याचा केशरी तुकडा तिच्या तोंडाशी खुपसला आणि पुंगळी खिशात घातली. पूजेतला तांदूळ पायदळी येऊ नये म्हणून असेल, असं तिला वाटलं. आणि उगीचच बरं वाटलं.

त्याचं नाव श्रीनाथ. मूळचा डोंबिवलीचा, शिकायला अ‍ॅडलेडला आला, तिथल्या मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत होता, तिथेच मित्राबरोबर एकदा नेमबाजीला गेला आणि हा नाद लागला. सोमवार ते शुक्रवार कुठल्याशा कंपनीत सर्किट्स तपासायची आणि शनिवारी इथे खाजगी शिकवणी. ज्यांच्याकडे स्वतःचं पिस्तूल आहे पण त्याचं करायचं काय ते नीट कळत नाही, अशांना.

"म्हणजे माझ्यासारख्यांना," चारुता म्हणाली.

"क्लबच्या पिस्तुलावर तुला लांबून पाहिलंय. तुला नेम कळतो. पण तू दचकतेस."

"मी? मुळीच नाही."

त्याने तिच्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं, पिस्तूल तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. "यात काही गोळ्या खऱ्या आहेत, काही खोट्या. कुठली कधी येईल ते मलाच माहीत. खोटी असली तर नुसती टिक होईल. मार."

तिने नेम धरला. धाड. दुसरी, धाड. तिसऱ्यांदा दाबलं आणि नुसतीच टिक झाली. पण तिचं मनगट? पाठीत कोणी धपाटा घालावा तशी नळी खाली गेली होती. गोळी नाही, धक्का नाही, आवाज नाही. तरी हात दचकून मोकळा झाला होता.

"पाहिलंस?" तो हळू म्हणाला. "अजून काही झालेलंही नसतं आणि तू आधीच घाबरून घेतेस. आगाऊच."

चारुता त्या खाली गेलेल्या नळीकडे पाहत राहिली. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा ती ट्रेनमध्ये होती, भर दुपारी, हातात सँडविच. त्यानंतर फोन वाजला की तिचा जीव गोळा व्हायचा, आणि हल्ली हल्ली तर वाजायच्या आधीच व्हायला लागला होता. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आणि या माणसाला चिमटा खिशात टाकता टाकता ते दिसलं.

"शिकवणीला यायचं तर कधी यायचं?" तिने विचारलं.

"शनिवारी सकाळी. दोन नियम आहेत. पहिला, नळी कायम समोर."

"आणि दुसरा?"

"शिकवणी चालू आहे तोवर मी कोच. नंतर कॉफीला जाऊ या का, सिनेमाला जाऊ या का, असलं काही नाही."

"कॉफीचं कोणी विचारलं?"

"कोणी नाही," तो टोपी सारखी करत म्हणाला. "सांगून ठेवलेलं बरं."

आणि मग शनिवार यायला लागले.

पूर्वी कसं, देवळात, लग्नघरात, फार तर कॉलेजच्या जिन्यात दोन माणसं एकमेकांना दिसायची. इथे दोघांच्याही कानांवर जाडजूड मफ, डोळ्यांवर चष्मे, आणि शेजारी धाडधाड आवाज. बोलायचं तर ओरडून, नाहीतर खुणेने. पण प्रेमाला काय, फट लागते. ती ट्रिगरमागे असली तरी चालते.

तो उजव्या खांद्यामागे उभा राहायचा. हात कधी लावायचा नाही. "खांदा," एवढंच म्हणायचा, आणि तिचा खांदा खाली यायचा. "श्वास," म्हणायचा, आणि तिच्या लक्षात यायचं की आपण तो केव्हाचा धरून ठेवलाय... त्याचं कारण पिस्तूल होतं असं मात्र छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. तो गोळ्या भरायचा, ती मारायची. खरी की खोटी, त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला.

"चेहरा वाचू नकोस. टार्गेट बघ."

"चेहऱ्यावर काही लिहिलेलंच नाही तर वाचणार काय?"

"रेल्वेत सिग्नल इंजिनीअर आहेस ना तू?"

"हो. म्हणून तर म्हणतेय. इतका वेळ लाल दिवा लागून राहिला तर आम्ही माणूस पाठवतो, बिघडलाय का बघायला."

तो वळून मॅगझिन भरायला लागला. पण त्याची मान लाल झालेली तिला मागून दिसली, आणि त्या दिवशी घरी जाताना चारुताने गाडीत एकटीने मोठमोठ्याने गाणी म्हटली.

हे सगळं आणखी एक बाई पाहत होत्या. ग्लेनिस. क्लबातल्या सगळ्यांत जुन्या सभासद, रेंज ऑफिसर. त्यांनी शिट्टी फुंकली की गोळीबार सुरू आणि पुन्हा फुंकली की बंद. वय पंचाहत्तरीच्या पुढे, केस कापसासारखे, आणि चहा असा कडक की चमचा उभा राहावा. त्या चारुताला ‘लव्ह’ म्हणायच्या, पण तशा त्या मॅगपायलाही ‘लव्ह’च म्हणायच्या.

नोव्हेंबरातला एक शनिवार. वारा पडला होता, अगदी नवलाने. चारुताने नेम धरला, नळीच्या टोकावरची नेमाची माशी टार्गेटच्या काळ्या गोलाखाली टेकवली, श्वास सोडला, बोट मागे येत गेलं, येत गेलं...

टिक.

आणि नळी हलली नाही. केसभरही नाही. निवांत देवघरातल्या ज्योतीसारखी जागच्या जागी.

तिच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं. झालं की. दचकणं गेलं होतं. आता तिचा फोन वाजला असता तरी तिने तो सरळ उचलला असता. ती आनंदाने मागे वळणार, त्याला सांगणार, एवढ्यात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा जोरात आला. दचकणं गेलं म्हणजे शिकवणी संपली. शिकवणी संपली म्हणजे शनिवार संपले. आणि दुसऱ्या नियमाचं पुढे काय होतं, ते तर तो कधी बोललाच नव्हता.

पुढच्या गोळीला चारुताने मनगट स्वतःहून खाली झुकवलं.

"अजून जात नाहीये ना," ती म्हणाली.

"हं," श्रीनाथ म्हणाला. "वेळ लागतो."

त्यानंतर ती दर शनिवारी बेतशीर दचकत राहिली. कधी तिसऱ्या गोळीला, कधी पाचव्या, संशय येऊ नये म्हणून. घरी परतताना लाज वाटायची आणि शुक्रवार उजाडला की ओसरायची.

मग एका शनिवारी सकाळी ग्लेनिसबाईंनी चहाचा कप पुढे करत अगदी सहज म्हटलं, "ही विल बी मिस्ड, लव्ह." श्रीनाथ गेला की चुकल्याचुकल्यासारखं होईल म्हणे. अ‍ॅडलेडला त्याला मोठी नोकरी चालून आलीय, जुन्या युनिव्हर्सिटीच्या शेजारीच. ख्रिसमसनंतर जायचं. सोमवारी उत्तर कळवायचंय. तुझ्याशी बोलला नाही?

नव्हता बोलला.

त्याच दिवशी त्याने सांगितलं, "उद्या क्लबची मॅच आहे. त्यातून राज्य स्पर्धेचा संघ निवडतात. तू उतर. तोच शेवटचा धडा."

"शेवटचा?"

"त्यापुढे शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही." हे म्हणताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. मॅगझिन पुसत होता, आधीच पुसलेलं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. चारुताने आईला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, पण आया उरलेलं जुळवून घेतात.

"म्हणजे उद्या चांगलं मारलंस तर तो म्हणणार, झालं शिक्षण, नमस्कार," आई म्हणाली. "आणि वाईट मारलंस तर?"

"तर... सोमवारच्या आधी म्हणता येईल, अजून शिकायचंय, जाऊ नकोस."

"असं खोटं बोलून थांबवलेला माणूस किती दिवस पुरतो गं?" आईने विचारलं. तिकडे कुकरची शिट्टी झाली. "बाबा घड्याळ देताना काय म्हणायचे आठवतं? चालतंय तर चालतंय म्हणून सांगायचं. गिऱ्हाईक परत यावं म्हणून काटा ढिला ठेवायचा नाही."

रविवारी आभाळ भरून आलं होतं. मॅच सुरू झाली आणि पत्र्यावर गारा पडायला लागल्या. ताशा बडवावा तसा कडकडाट, कानांवरच्या मफमधूनही ऐकू येणारा. शेजारच्या माणसाने मान हलवत पिस्तूल खाली ठेवलं. चारुताने ठेवलं नाही. तिने नेम धरला आणि सगळं सावकाश झालं. खांदा. श्वास. माशी आणि काळा गोल. मागे श्रीनाथ असेल की नसेल, आज त्याला बोलायची परवानगी नव्हती. आज खोट्या गोळ्याही नव्हत्या. एकेक गोळी खरी.

तिने एकेक गोळी खरीच मारली.

टार्गेट्स आणली तेव्हा गारा थांबून लख्ख ऊन पडलं होतं, मेलबर्नला शोभेल असं. तिच्या कागदाच्या मधोमध एकच फाटकं भोक होतं, भोवती थोडी दाटीवाटी. ग्लेनिसबाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, पुन्हा डोळ्यांवर आणून पाहिलं, आणि संघाच्या फळ्यावर खडूने चारुताचं नाव लिहिलं. लोकांनी पाठ थोपटली. ‘गुड ऑन या’ झालं, ‘बेल्टर’ झालं, इथल्या सगळ्या शाबासक्या झाल्या. तिला एकच माणूस दिसत होता. तो शेडच्या खांबाला टेकून उभा होता आणि आज, अखेर आज, हसत होता.

गर्दी चहाकडे सरकली तसा तो जवळ आला. "आता एकदा दाखव ना."

"काय?"

"तुझं ते खोटं दचकणं. पुन्हा बघायला मिळायचं नाही."

चारुताने मफ गळ्यात ओढले. "तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. खरं दचकणारा आधी डोळे मिटतो. तू मनगट झुकवायचीस आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचीस, माझ्या लक्षात आलं का ते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर शिकवणी संपली असती."

कुंपणावरचा मॅगपाय खाली उतरला आणि ओल्या गवतात चालायला लागला. आज त्याला कोणावरच झेप घ्यायची नव्हती. चारुताला हसू येत होतं, राग येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसे दाखवायचे ते कळत नव्हतं.

"आणि अ‍ॅडलेड?" तिने विचारलं. "त्याचं काय?"

त्याचं हसू मावळलं. "उद्या कळवायचंय. तुला कसं सांगावं ते..." तो थांबला. "तुझी मॅच होऊ दे म्हटलं आधी."

चारुताने त्याच्याकडे नीट पाहिलं. लाल दिवा. मग ती ग्लेनिसबाईंकडे गेली आणि म्हणाली, रेंज आणखी थोडा वेळ उघडी राहील का? बाईंनी श्रीनाथकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि शिट्टी फुंकली.

"आज तू मार," चारुता म्हणाली. "मी भरते."

"मी? कशाला?"

"कोचचा हात तपासायचाय. माझ्या पिस्तुलाने. खरी कुठली, खोटी कुठली, मलाच माहीत."

तो उभा राहिला. पहिली गोळी, धाड, बरोबर मधोमध. हात दगडासारखा स्थिर. त्याने पुन्हा नेम धरला. ती त्याच्या उजव्या खांद्यामागे उभी होती, तो तिच्या मागे उभा राहायचा तशीच.

"खांदा," ती म्हणाली.

त्याचा खांदा खाली आला.

"श्वास."

त्याने श्वास सोडला. बोट मागे येऊ लागलं.

"उद्या काय कळवायचं ते मी सांगू?"

टिक.

आणि कोचची नळी सपकन खाली गेली. पार बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत. डोळे गच्च मिटलेले.

मागे ग्लेनिसबाईंच्या कपाची बशी किणकिणली. श्रीनाथने डोळे उघडले, पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं, नळी समोर, अगदी नियमाप्रमाणे. मग वळला. एवढा रापलेला माणूस, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"खोटी होती," चारुता म्हणाली.

"दिसलं."

"तरी दचकलास. डोळे मिटून."

"हो," तो म्हणाला. "कित्येक वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, तू म्हणशील... जा म्हणून."

"जाऊ नकोस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि जायचंच असेल तर तिकडेही रेल्वे आहे. सिग्नल तिथेही बिघडत असतील. पण मला विचारल्याशिवाय नाही."

त्याने खिशात हात घातला. बाहेर आली ती एक बारीक पितळी पुंगळी, तोंडाशी केशरी बोळा. त्याने बोळा काढला, पुंगळी तळहातावर उलटी केली. लाल रंग थोडा उतरला होता, पण दाणा अखंड होता.

"रोज खिशात असते," तो म्हणाला. "वाटायचं, ही चुकीच्या ठिकाणी पडली. पडायची दुसरीकडेच."

"कुठे?"

त्याने तो दाणा चिमटीत धरला आणि हात अलगद तिच्या केसांपर्यंत नेला. आजवर त्याने तिला कधी बोटही लावलं नव्हतं. आताही लावलं नाही. फक्त दाणा तिच्या भांगात ठेवला आणि हात मागे घेतला.

वारा पुन्हा सुटला होता. चारुताने एक हात डोक्यावर धरला, दाणा उडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला. तो वाजला नव्हता. तिनेच लावला.

"एका अक्षतेने काय होतंय?" ती म्हणाली. तिकडे रिंग वाजत होती, आणि श्रीनाथ पुन्हा श्वास धरून उभा होता. "थांब... हॅलो, आई? अगं, तांदूळ निवडायला घे. आणि चिमूटभर नको. मूठभरही पुरायचे नाहीत."